अष्टकातले आठ कोण?

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आठ मुलांनी एक वाद्यरचना वाजवली. ती बसवणारा मुलगा चाकणहून चिंचवडला येतो; वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर आहेत. पत्रिकेसाठी त्याने ‘ऑक्टेट’ असे लिहून दिले होते. माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला आणि मी ते खोडून ‘अष्टक’ केले. झाले! पडदा वर जाताच पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी करुणाष्टक ऐकायला म्हणून हात जोडले. मुलगा मागाहून एवढेच म्हणाला, “सर, आम्ही जे केलं त्याला मराठीत नावच नाही का?”

आजोबांचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे अष्टक म्हणजे आठ श्लोक. रामदासांची करुणाष्टके घ्या की लग्नातल्या मंगलाष्टका घ्या. जयदेवाच्या अष्टपदीतही मोजायची ती पदे. फार काय, सुनीताच्या पहिल्या आठ ओळी म्हणजेही अष्टकच. म्हणणारा एक असो वा शंभर, त्याची मोजदाद कोण ठेवतो?

माणसे आपण मोजली नाहीत असे मात्र नाही. तुकोबांचे चौदा टाळकरी परंपरेने सांगितलेले आहेत, आणि त्यांतले संताजी जगनाडे तर या चाकणचेच. पण चौदा जणांचा ठेका एक. एखादा पाणी प्यायला थांबला तरी भजन अडत नाही.

ऑक्टेट तिथेच अडते. मेंडेल्सोनने १८२५ साली, सोळा वर्षांचा असताना, चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो यांच्यासाठी ते लिहिले. आठ जणांपुढे आठ निरनिराळे कागद! शिवरायांच्या अष्टप्रधानांसारखे, ज्याचे खाते त्याने सांभाळायचे. शूबर्टने त्याआधीच्या वर्षी पाच तंतुवाद्यांना तीन फुंकवाद्ये जोडली, तर स्ट्राविन्स्कीच्या १९२३ च्या रचनेत सगळी फुंकवाद्येच. जर्मन त्याला ‘ओक्टेट’ म्हणतो, इटालियन ‘ओत्तेत्तो’. रचनेलाही तेच नाव आणि वाजवणाऱ्यांच्या संचालाही तेच. श्पोरने मात्र चार-चारांचे दोन गट समोरासमोर ठेवले आणि त्या रचनांना ‘दुहेरी चौकडी’ अशा अर्थाचे वेगळे नाव दिले.

मग मराठीत काय म्हणावे? ‘अष्टवाद्य’ चालणार नाही; मेंडेल्सोनची वाद्ये तीनच जातींची. ‘संगत’ म्हटले की कुणीतरी मुख्य आणि बाकीचे त्याच्या मागे, आणि इथे तर मागे कुणीच नाही. मला ‘अष्टमेळ’ बरा वाटतो. शास्त्रकार थाटाला मेळ म्हणतात हे मान्य. पण आपल्या घरात ‘पंचमेळ’ आधीपासून नांदतो आहे, आणि पंचमेळ खिचडीत प्रत्येक डाळ आपली चव राखून असते. (खिचडीची उपमा त्या मुलाला फारशी रुचली नाही.)

यंदाच्या पत्रिकेत ‘अष्टमेळ’ छापायला दिले आहे. काल छापखान्यातून फोन आला होता, “सर, अष्टमीचा मेळा म्हणायचंय का?”