बदलती धोरणे आणि अमेरिकी विद्यापीठे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत संघ सरकारचे, म्हणजे वॉशिंग्टनमधील केंद्रीय शासनाचे, धोरण बदलले की तेथील विद्यापीठांविषयी परस्परविरोधी अशा दोन समजुती एकाच वेळी पसरतात. विद्यापीठाने मनात आणले तर ते सरकारी कारवाईला आवाराच्या दाराशीच अडवू शकते ही एक, आणि सरकारी अनुदानावर चालणारी संस्था मान तुकवण्याखेरीज काहीच करू शकत नाही ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. विद्यापीठाचे बळ कायद्याच्या कार्यपद्धतीत, कागदपत्रांच्या चोख व्यवहारात आणि प्रसंगी न्यायालयात उभे राहण्याच्या तयारीत असते, आणि त्या बळाला मर्यादाही आहेत.

सरकारची घोषणा म्हणजेच कायदा, हा यातील सर्वांत व्यापक गैरसमज होय. १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार बहुतेक महत्त्वाचे नियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावे लागतात, त्यांवर लेखी हरकती मागवाव्या लागतात आणि अंतिम निर्णयाची सयुक्तिक कारणे द्यावी लागतात. ऑगस्ट २०२५मध्ये गृहसुरक्षा विभागाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वास्तव्याला ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला, तेव्हा त्या दिवशी कोणाचेही वास्तव्य बेकायदा ठरले नाही. विद्यापीठांनी मात्र हरकती नोंदवण्याचे आणि प्रस्ताव व नियम यांतील अंतर विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याचे काम तेव्हापासूनच करायचे असते.

व्हिसा रद्द झाला की त्याच क्षणी देश सोडावा लागतो, ही समजूत भारतीय घरांत विशेष चिंतेची, कारण २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. वस्तुस्थिती अशी की मुंबईच्या वकिलातीत मिळणारा व्हिसा हे परराष्ट्र खात्याने दिलेले प्रवेशासाठीचे पत्र असते, तर देशात राहण्याचा हक्क 'दर्जा' या वेगळ्या गोष्टीवर अवलंबून असतो. पूर्णवेळ शिक्षण घेणे आणि विनापरवाना नोकरी न करणे यांसारख्या अटी पाळून तो टिकवावा लागतो. या दर्जाची नोंद 'सेव्हिस' या सरकारी संगणकप्रणालीत असते, आणि विद्यापीठातील नियुक्त अधिकारी ती अद्ययावत ठेवतात. एप्रिल २०२५मध्ये या प्रणालीतील हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने परस्पर संपुष्टात आणल्या, आणि अनेक विद्यापीठांना ते सरकारी पत्राने नव्हे, तर स्वतःच्या दैनंदिन तपासणीतून कळले. विद्यार्थ्यांनी ठिकठिकाणी दावे दाखल केले, न्यायाधीशांनी तात्पुरते मनाई हुकूम दिले, आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करण्याचे जाहीर केले. रोजची नोंद तपासणारा एखादा कारकुनी डोळा किती मोलाचा असतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

विद्यापीठ विद्यार्थ्यांची माहिती सरकारला देतच नाही, हेही खरे नाही. १९७४च्या शैक्षणिक गोपनीयता कायद्यामुळे गुणपत्रिका वा अन्य नोंदी सहसा संमतीविना देता येत नाहीत. तरी परदेशी विद्यार्थ्यांचा पत्ता, अभ्यासक्रम आणि प्रवेशाची स्थिती सेव्हिसमध्ये कळवणे विद्यापीठावर बंधनकारक आहे. आवाराचेही तसेच : मोकळी मैदाने सर्वांना खुली असल्याने स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्यांना तेथे येण्यापासून रोखता येत नाही, मात्र वसतिगृहासारख्या मर्यादित प्रवेशाच्या जागी न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट मागावे, खात्याने स्वतः काढलेल्या वॉरंटवर दार उघडू नये, असे मार्गदर्शन विद्यापीठे कर्मचाऱ्यांना देतात.

न्यायालयात जाऊन काही साधत नाही असे म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उदाहरण पाहावे. बालपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्या तरुणांना तात्पुरते संरक्षण देणारी 'डाका' ही योजना २०१२मध्ये गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नॅपोलिटानो यांनी सुरू केली. पुढे त्या याच विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०१७मध्ये सरकारने योजना मोडीत काढण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्यांच्या विद्यापीठाने त्यांच्याच जुन्या खात्यावर दावा लावला. १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने तो निर्णय मनमानी ठरवला. तथापि सरकार योजना कधीच बंद करू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही; दिलेली कारणे अपुरी होती, एवढेच म्हटले. विद्यापीठाचा विजय अनेकदा असा असतो : मुळात वेळ मिळवून देणारा, पण त्या वेळात कोणाची पदवी पूर्ण होते, कोणाची नोकरी टिकते.

पैशाविषयीचा गैरसमज थोडक्यात दूर करता येईल. श्रीमंत विद्यापीठांचा अक्षय निधी, म्हणजे देणग्यांची गुंतवलेली ठेव, मनाला येईल तशी खर्च करता येत नाही, कारण तिचा मोठा भाग देणगीदारांनी विशिष्ट हेतूंसाठी बांधून दिलेला असतो. फेब्रुवारी २०२५मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधनाच्या अप्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे प्रयोगशाळेची इमारत, वीज, लेखापाल यांवरील खर्चावर, १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली, तेव्हा ती तूट ठेवीतून भरून काढणे बहुतेकांना शक्य नव्हते. म्हणून राज्ये, विद्यापीठे आणि त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि एप्रिलमध्ये त्या मर्यादेला कायमची मनाई मिळाली.

शेवटचा गैरसमज परदेशी विद्यार्थी कार्यालयाविषयीचा आहे. तेथील सल्लागार विद्यार्थ्याचा वकील नसतो. तो मदत करतो आणि सरकारला नोंदीही कळवतो, त्यामुळे अटक, जुना खटला किंवा दर्जाभंग अशा नाजूक बाबींत आधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने डेव्हिस येथील विधी महाविद्यालयातून स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदेशीर सेवा उभारली आहे, पण सर्वत्र अशी सोय नाही. नेहमीच्या प्रवासासाठी मात्र हेच कार्यालय उपयोगी पडते : सुट्टीत घरी येणाऱ्या विद्यार्थ्याने तिकीट काढण्यापूर्वी आपल्या आय-२० या प्रवेशपत्रावरील प्रवासाची सही तपासून घ्यावी, कारण ती साधारणपणे एक वर्षच चालते, आणि पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या काळात फक्त सहा महिने.