इंजिन बसते, गाडी बसत नाही: डर्ट बाइकच्या इंजिनबदलाविषयीचे गैरसमज

एका मोटरसायकलचे इंजिन दुसऱ्या मोटरसायकलच्या चौकटीत बसवून माती-खडकांवर चालणारी डर्ट बाइक तयार करण्याच्या कामाला इंजिनबदल म्हणतात. हे काम मुख्यतः इंजिनाचेच आहे, चौकटीत जागा पुरली आणि बोल्ट आवळले गेले की ते संपले, ही याविषयीची सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक समजूत आहे. वास्तविक इंजिन बदलल्याबरोबर वजनाची वाटणी, चेनची ओढ, सस्पेन्शनचे वर्तन, कंपनांची दिशा आणि चौकटीवर येणारा ताण या साऱ्या गोष्टी एकदम बदलतात. त्यामुळे इंजिनबदल करणारा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, एका नव्या मोटरसायकलचा आराखडाच करत असतो.

या प्रकाराच्या इतिहासातही महत्त्व चौकटीलाच आहे. डेरेक आणि डॉन रिकमन या इंग्लंडमधील दोघा भावांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फचे इंजिन, बीएसएची चौकट आणि नॉर्टनचे पुढचे फोर्क एकत्र करून ‘स्क्रॅम्बल्स’ या मातीवरच्या शर्यतींसाठी गाडी बांधली आणि तिला ‘मेटिस’, म्हणजे फ्रेंच भाषेत ‘संकरित’, असे नाव दिले. पुढे त्यांची कीर्ती झाली ती मात्र स्वतः आखलेल्या चौकटींमुळे. रेनॉल्ड्स ५३१ या मिश्रपोलादाच्या पातळ नळ्या कांस्यवेल्डिंगने जोडून, त्यांवर निकेलचा मुलामा देऊन आणि इंजिनाचे तेल चौकटीच्या नळ्यांतच साठवून त्यांनी वजन वाचवले. इंजिन दुसऱ्या कारखान्याचे आणि कर्तृत्व चौकटीचे, अशी ही विभागणी होती.

आधुनिक काळात इंजिनबदलाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘सीआर ५०० एएफ’ या अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या बांधणीचे आहे. होंडाची सीआर ५०० आर ही ४९१ घनसेंटिमीटरची, एका सिलिंडरची, टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी १९८४ ते २००१ या काळात विकली गेली. कंपनीने १९९७ मध्ये आपल्या सीआर २५० आर या गाडीला ॲल्युमिनियमची चौकट दिली, पण मोठ्या भावंडाला ती कधीच मिळाली नाही आणि ते अखेरपर्यंत पोलादी चौकटीतच राहिले. साहजिकच हौशी आणि व्यावसायिक बांधणीकारांनी ४९१ घनसेंटिमीटरचे इंजिन नव्या ॲल्युमिनियम चौकटीत बसवण्यास सुरुवात केली. ‘एएफ’ ही अक्षरे ‘ॲल्युमिनियम फ्रेम’ या शब्दांची आहेत. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असल्यामुळे त्यांचे भाग सहज जुळत असतील असे वाटते. प्रत्यक्षात मात्र चौकटीचा खालचा भाग कापून बदलावा लागतो, इंजिन धरणारे ब्रॅकेट नव्याने करावे लागतात आणि सायलेन्सरच्या नळीची वाट पुन्हा आखावी लागते. एका घराण्यातील दोन गाड्यांची ही स्थिती असेल, तर रस्त्यावरच्या कम्यूटर गाडीचे इंजिन दुसऱ्याच कंपनीच्या डर्ट बाइकमध्ये बसवताना किती प्रश्न उभे राहतील याची कल्पना यावी.

या प्रश्नांपैकी सर्वाधिक दुर्लक्षित प्रश्न चेनच्या भूमितीचा आहे. मागचे चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, चौकटीला ज्या आसाभोवती वरखाली हलतो त्याला पिव्हट म्हणतात, आणि गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दंडावरील दातेरी चक्राला पुढचे स्प्रॉकेट म्हणतात. हे स्प्रॉकेट आणि पिव्हट एकाच ठिकाणी नसल्यामुळे स्विंगआर्म हलताना स्प्रॉकेटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर सतत बदलते. तिन्ही केंद्रे एका रेषेत आली की हे अंतर सर्वाधिक होते आणि चेन सर्वांत ताठ होते. त्या रेषेपासून स्विंगआर्म वर किंवा खाली गेला की चेन ढिली पडते. समजा, स्विंगआर्म ५८० मिलिमीटर लांब आहे आणि पुढचे स्प्रॉकेट पिव्हटपासून ८० मिलिमीटर पुढे आहे; एका रेषेच्या स्थितीपासून स्विंगआर्म २५ अंश हलला तर हे अंतर सुमारे ६.६ मिलिमीटरने घटते. नवे इंजिन पिव्हटपर्यंत मागे सरकवता आले नाही आणि स्प्रॉकेट १२० मिलिमीटर पुढे राहिले, तर तीच घट सुमारे ९.४ मिलिमीटर होते. चेनच्या वरच्या आणि खालच्या पदरांची मिळून येणारी ढिलाई याच्या साधारण दुप्पट, म्हणजे १३ ऐवजी जवळजवळ १९ मिलिमीटर भरते. गाडी स्टँडवर उभी असताना नेहमीच्या सवयीने चेन ताणली, तर उडी मारून जमिनीवर आदळताना, नेमकी तिन्ही केंद्रे एका रेषेत आल्याच्या क्षणी, ती इतकी आवळली जाते की गिअरबॉक्सच्या दंडाचे बेअरिंग फुटू शकते. मोटोक्रॉस गाड्यांत पिव्हटचा बोल्ट बहुधा इंजिनाच्या आवरणाच्या मागच्या भागातूनच आरपार नेलेला असतो, त्याचे एक मोठे कारण हे अंतर कमीत कमी ठेवणे हे आहे.

अंतराइतकीच उंचीही महत्त्वाची असते. थ्रॉटल दिल्यावर चेनचा वरचा पदर ताणला जातो आणि ती ओढ पिव्हटच्या किती वरून जाते यावर गाडीचा मागचा भाग बसेल की उचलला जाईल हे बऱ्याच अंशी ठरते. नव्या इंजिनाचे स्प्रॉकेट पिव्हटच्या तुलनेत वर आले, तर चेन स्विंगआर्मला वर खेचू लागते. परिणामी चढावर जोर देताच मागचा भाग खाली बसतो, पुढचे चाक हलके होते आणि सुकाणूवरची पकड जाते. असा दोष दिसला की पुष्कळदा मागच्या शॉकअपची स्प्रिंग कडक केली जाते, पण रोग स्प्रिंगमध्ये नसून काही मिलिमीटरने चुकलेल्या इंजिनाच्या जागेत असतो. म्हणून जाणकार बांधणीकार रिकाम्या आवरणाचे किंवा लाकडी साच्याचे नकली इंजिन चौकटीत टांगून स्प्रॉकेटची जागा आधी निश्चित करतो आणि मगच ब्रॅकेट कापतो.

दुसरी रूढ समजूत वेल्डिंगविषयी आहे. ‘वेल्ड मारला की जोड मूळ धातूपेक्षा मजबूत होतो’ हे वाक्य गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येते आणि साध्या पोलादाच्या जाड पट्टीबाबत ते पुष्कळ अंशी खरेही आहे. उष्णोपचाराने कठीण केलेल्या ॲल्युमिनियमबाबत मात्र ते साफ चुकीचे ठरते. ६०६१ हा सर्वत्र वापरला जाणारा मिश्रधातू टी-६ या कठीण अवस्थेत सुमारे ३१० मेगापास्कल इतकी ताणशक्ती दाखवतो, म्हणजे तुटण्यापूर्वी तेवढा ताण सहन करतो; वेल्डच्या उष्णतेने त्याची अंतर्गत रचना बदलते आणि वेल्डशेजारच्या पट्ट्यात ही शक्ती जवळपास निम्म्यावर, सुमारे १६५ मेगापास्कलवर, येते. ती परत मिळवायची तर संपूर्ण चौकट सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करावी लागते आणि नंतर १६० ते १७५ अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवावी लागते, शिवाय या साऱ्यात ती वाकडी होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. भर म्हणजे ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित सीमा नसते: पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते बहुधा टिकते, ॲल्युमिनियम मात्र लहान ताणही पुनःपुन्हा सोसून कधीतरी तडकते. त्यामुळे सुबक दिसणारा जोड सुरक्षित आहेच असे मानता येत नाही. पातळ नळ्यांच्या मिश्रपोलादालाही अति उष्णता बाधते; रिकमन बंधूंच्या काळी रेनॉल्ड्स ५३१ च्या नळ्या वितळवून न जोडता कमी तापमानाच्या कांस्याने जोडल्या जात, त्यामागे हेच ज्ञान होते.

कंपनांचा प्रश्न याला लागूनच येतो. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरखाली फेकला जात असल्यामुळे निर्माण होणारे असंतुलन क्रँकवरील प्रतिवजनाने पूर्णपणे नाहीसे करता येत नाही. प्रतिवजन वाढवले की उभे कंपन कमी होते, पण आडवे कंपन वाढते. म्हणून कारखान्यात या दोहोंचे प्रमाण विशिष्ट चौकटीला मानवेल असे ठरवले जाते किंवा उलट फिरणारा संतुलक दंड जोडला जातो. तेच इंजिन दुसऱ्या चौकटीत, वेगळ्या कोनात बसवले की आधी निरुपद्रवी असलेले कंपन नेमके चौकटीच्या दुर्बल दिशेने येऊ शकते. ज्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन बोल्ट म्हणतात ते बोल्ट वरचेवर सैल होणे आणि ब्रॅकेटच्या कडेला केसासारखी चीर दिसणे ही याची पहिली लक्षणे होत. बोल्ट अधिक आवळल्याने ती थांबत नाहीत.

अधिक सीसी म्हणजे अधिक वेग, या समजुतीला स्वतः सीआर ५०० चा इतिहासच उत्तर देतो. अमेरिकेतील ५०० सीसी गटाची राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा १९९३ नंतर झाली नाही, आणि अशा गाड्यांच्या शक्तीविषयी कोणालाही शंका नसताना वळणावळणांच्या ट्रॅकवर हलक्या २५० सीसी गाड्यांनी त्यांची जागा घेतली. मातीवर चाक जितकी शक्ती जमिनीत उतरवू शकते तितकीच उपयोगाची असते. उरलेली शक्ती चाक जागच्या जागी फिरवते आणि चालकाला दमवते.

टू-स्ट्रोक इंजिनाबाबत आणखी एक गैरसमज असा की सायलेन्सरची नळी कापली किंवा मोकळी केली की शक्ती वाढते. या इंजिनाची फुगीर नळी ध्वनिलहरींच्या हिशेबाने आखलेली असते: बाहेर गेलेली दाबलहर नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातील अभियंता वॉल्टर काडेन यांनी हे तंत्र इतके पुढे नेले की १९६१ पर्यंत १२५ सीसी इंजिनातून २५ अश्वशक्ती मिळू लागली. ती नळी चौकटीत मावत नाही म्हणून तोकडी केली, तर लहर चुकीच्या क्षणी परतते आणि शक्ती वाढण्याऐवजी घटते.

भारतात या विषयाला कायद्याची बाजूही आहे आणि महाराष्ट्रातील हौशी मंडळींनी ती नीट समजून घेणे निकडीचे आहे. १९८५ मध्ये आलेल्या ९८ सीसीच्या यामाहा आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चे १३२ सीसीचे इंजिन बसवणे हा गॅरेजमध्ये परिचित असलेला बदल आहे, आणि ‘आरटीओत कागद करून घेता येतो’ अशी ग्वाही त्यासोबत सहज दिली जाते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार मात्र नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

‘गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही, मग कायदा कसला’ हा युक्तिवादही टिकत नाही. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवण्यास कलम ३९ मनाई करते, आणि अधिनियमाच्या व्याख्येनुसार जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कोणतीही जागा सार्वजनिक ठरते, मग तो डांबरी रस्ता असो, गावची पाणंद असो वा नदीकाठची वाट. इंजिन बदललेल्या डर्ट बाइकची जागा बंदिस्त खासगी जमीन किंवा स्पर्धेचा ट्रॅक हीच आहे, आणि तिथपर्यंत तिने पिकअपमध्ये चढवूनच जायला हवे.