विष सापडल्यानंतर

विल्यम स्लीमन आपल्याला माहीत असतो तो ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी म्हणून. १८४४ साली छापलेल्या त्याच्या ‘रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स’ या पुस्तकात ठगांपलीकडचंही पुष्कळ आहे. त्यातली सागर भागातल्या एका गावाविषयीची छोटीशी नोंद कित्येक वर्षं माझा पिच्छा सोडत नाही.

१८२९ साली त्या गावाचा गहू गारपिटीनं झोडपला. १८३० साली पावसानं दगा दिला. १८३१ साली पिकावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत शेतात एकच गोष्ट जोमानं वाढत राहिली, ती म्हणजे गव्हात आपोआप उगवणारा आणि एरवी गुरांपुढे टाकला जाणारा तिवडा. लोकांनी दाणे स्वतःसाठी ठेवले, पाला आणि काड गुरांना घातलं. १८३३ साली तिशीच्या आतल्या मुलामुलींचे पाय कमरेपासून खाली जायला लागले. बघता बघता गावातली निम्मी तरुण पिढी अधू झाली. १८३४ नंतर नवा रुग्ण दिसला नाही, पण एकदा गेलेले पाय कुणाचेच परत आले नाहीत.

स्लीमन डॉक्टर नव्हता. तरी त्याच्या मांडणीतला क्रम पाहा. आधी गारपीट, मग कोरडा हंगाम, मग रोग, मग ताटात उरलेलं एकमेव धान्य आणि शेवटी पाय. पुढच्या दीडशे वर्षांत या आजारावर जे संशोधन झालं, ते बहुतेक या साखळीतल्या शेवटच्या दोन कड्यांवर झालं. पहिल्या तीन कड्यांकडे शास्त्र वळायला फार उशीर झाला, हे माझं या विषयातलं मुख्य गाऱ्हाणं आहे.

तिवडा म्हणजेच खेसारी, आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडची लाखोरी. कुठे लाख म्हणतात, कुठे लाखोळी. वनस्पतिशास्त्रातलं नाव लॅथिरस सटायव्हस. धान अजून बांधीत उभं असताना, कापणीच्या आधी, ओल्या चिखलात बी फेकून द्यायचं. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापलं की खाली लाखोरीची रोपं तयार असतात, थोड्या दिवसांत निळी फुलं येतात. याला उतेरा म्हणतात. पाणी तुंबलं तरी ती तगते, पाऊस गेला तरी तगते. दाणा चपटा, कोनाकोनाचा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला निमुळता. भरडून डाळ केली की तुरीच्या डाळीत सहज खपून जाते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, पिठाचं बेसन होतं. प्रथिनं भरपूर. धानाच्या पट्ट्यातल्या गरीब माणसाला जमिनीनं जवळजवळ फुकट दिलेलं हे अन्न आहे.

आजाराला लॅथिरिझम हे नाव १८७३ साली नेपल्समध्ये आर्नाल्दो कांतानी यांनी दिलं. हा आजार युरोपातही जुना. १८११-१२च्या माद्रिदमधल्या दुष्काळावर गोयानं केलेल्या एका चित्रात याच दाण्याची पेज घ्यायला जमलेली माणसं आहेत आणि पुढ्यात एक बाई आडवी पडली आहे. आपल्याकडे अलाहाबादचे सिव्हिल सर्जन जेम्स आयर्व्हिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यमुनेपलीकडच्या परगण्यांत लंगड्या माणसांची मोजदाद केली. मेजर अँड्र्यू ब्यूकॅनन यांचा मध्य प्रांतातल्या १८९६ ते १९०२ या काळातल्या लॅथिरिझमवरचा अहवाल १९०४ साली नागपुरात छापला गेला. या वर्षांत मध्य प्रांतानं लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पाहिले होते, हे वेगळं सांगायला नको.

मग शास्त्रज्ञांची दिशाभूल झाली, तीही दोनदा. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी म्हटलं, लाखोरी निर्दोष आहे, तिच्यात मिसळलेलं अकटा नावाचं तण खरा गुन्हेगार. पुढे अमेरिकेत उंदरांना स्वीट पी या बागेतल्या शोभेच्या वेलाचं बी खाऊ घातलं, तर त्यांची हाडं वाकडी झाली. त्या बियातलं द्रव्य वेगळं निघालं, आणि तोच लॅथिरिझमचा उलगडा असं काही काळ मानलं गेलं. पण तो बी देणारा वेल लाखोरीचा नुसता चुलत भाऊ, आणि माणसाचा आजार हाडांचा नव्हेच, मज्जारज्जूचा. शेवटी १९५७ साली हान्स सेल्ये यांनी दोन आजारांना दोन नावं देऊन हा गुंता सोडवला.

दरम्यान एक भयंकर प्रयोग होऊन गेला होता, आणि तो कुठल्या प्रयोगशाळेत झाला नव्हता. १९४२च्या शरद ऋतूत युक्रेनमधल्या वाप्न्यार्का इथल्या रुमानियन छावणीत ज्यू कैद्यांना रोज याच दाण्याची उसळ आणि थोडा निकृष्ट पाव मिळू लागला. काही महिन्यांत शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडायला लागले. कैद्यांमध्येच चेर्नोविट्झचे डॉक्टर आर्थर केसलर होते. हातात औषध नाही, उपकरण नाही, तरी त्यांनी आजार ओळखला आणि कारणही ओळखलं. कैद्यांनी ते अन्न नाकारलं, तेव्हा कुठे शिधा बदलला. युद्धानंतर केसलर इस्राएलमध्ये गेले आणि वाप्न्यार्काच्या वाचलेल्या रुग्णांवर उपचार करत राहिले. या विषयातल्या माणसांपैकी मला सर्वांत मोठे ते वाटतात. स्वतः त्याच छावणीत उपाशी असताना त्यांनी इतरांच्या चालीतला फरक टिपून ठेवला.

फरक टिपावाच लागतो, कारण हा आजार हळूहळू चढतो. आधी पोटऱ्यांत गोळे, गुडघे ताठ. मग टाच टेकत नाही, माणूस चवड्यांवर चालतो, पाय कात्रीसारखे एकमेकांना अडतात. डॉक्टर रुग्णांची वर्गवारी काठीवरून करतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. बुद्धी शाबूत, हात शाबूत, संवेदना शाबूत. आयुष्यही पुरं जगायचं, फक्त पायांविना.

आता बंगळूर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात प्राध्यापक पी. एस. शर्मा यांच्याकडे तरुण विद्यार्थ्यांचा एक गट होता: पी. आर. अडिगा, जी. पद्मनाभन, एस. एल. एन. राव. लाखोरीतलं विष वेगळं काढायचं हे त्यांचं काम. अडचण अशी की मोठ्या उंदराला लाखोरीचा अर्क टोचला तर त्याला काहीच होत नाही. मग विष कुठल्या अंशात उतरलं, हे कळायचं कसं? उत्तर सापडलं कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलात. इतक्या लहान पिलाच्या मेंदूभोवतीची राखण अजून पक्की झालेली नसते. विषारी अंश टोचला की त्याची मान मागे वळते, अंगाला झटके येतात. बियांचा अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पिलाला टोचायचा, ज्यानं मान वळली तो ठेवायचा, बाकीचे टाकायचे. असं करत करत उरलं ते एक साधं, लहानसं अमिनो आम्ल. १९६४ साली राव, अडिगा आणि शर्मा यांनी ‘बायोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात त्याची पूर्ण रचना प्रसिद्ध केली. लांबलचक नावाचं लघुरूप झालं ओडॅप. त्याच सुमारास दिल्ली विद्यापीठात मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनाही तेच सापडलं होतं.

या यशानंतर तिघांच्या वाटा फुटल्या. पद्मनाभन पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले. अडिगा प्रजननाच्या जीवरसायनाकडे वळले. राव हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात गेले आणि लाखोरीजवळच थांबले. १९७८ साली त्यांनी दाण्यातलं ओडॅप रंगावरून मोजण्याची एक नेमकी पद्धत दिली. पुढे जगभरच्या पैदासकारांनी कमी विषाचे वाण निवडताना तिचा आधार घेतला.

विष सापडलं, मोजता येऊ लागलं, पण सरकारनं त्याची वाट पाहिलीच नव्हती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियम ४४-अ खाली १९६१ साली खेसारीच्या विक्रीवर बंदी आली होती. या नियमात दोन गोमा होत्या. पहिली, बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नाही. शेतकऱ्यानं पिकवावी, पण विकू नये. दुसरी, नियम केव्हा लागू करायचा हे राज्यांवर सोडलं होतं. महाराष्ट्रानं तो लागू केला. लाखोरी जिथे तेव्हा सर्वांत जास्त पिकत होती आणि आजारही जिथे सर्वांत जास्त होता, त्या मध्य प्रदेशानं केला नाही. म्हणजे गोंदियाच्या बाजारात जो माल गुन्हा, तोच हद्द ओलांडून बालाघाटला कायदेशीर. परिणाम व्हायचा तो झाला. लाखोरी नावानं विकणं थांबलं आणि तुरीच्या डाळीत, बेसनात मिसळून विकणं वाढलं. शेतकऱ्याला भाव मिळेना आणि खाणाऱ्याला आपण काय खातो ते कळेना. मला ही बंदी आळशी वाटते. तिनं बी पकडलं आणि भूक मोकळी सोडली.

कारण भूक कुठून येत होती, हे तेव्हाही माहीत होतं. १९६४ साली द्विवेदी आणि प्रसाद यांनी रीवा जिल्ह्यात घरोघर फिरून पाहणी प्रसिद्ध केली. भूमिहीन मजुरांना तिथे मजुरी पैशात मिळत नसे, धान्यात मिळे, आणि धान्य म्हणजे बहुतेक खेसारी किंवा खेसारी मिसळलेलं. मालक गहू विकत आणि मजुराला लाख देत. पाय जात ते मजुराचे. त्या मजुराला डाळीच्या विक्रीबंदीचा काय उपयोग? त्याला कुणी डाळ विकतच नव्हतं.

हैदराबादला सी. गोपालन यांच्या हाताखालच्या पोषण प्रयोगशाळेनं वेगळा मार्ग धरला. ओडॅप पाण्यात विरघळतं. म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, की विषाचा मोठा भाग निघून जातो. १९६६ साली मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी ही घरगुती रीत प्रसिद्ध केली. तिच्यात एक दुखरी जागा आहे. दुष्काळात पाणी आणि सरपण, दोन्ही नसतात. शिवाय पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात. तरीही बंदीपेक्षा ही रीत कितीतरी माणुसकीची होती.

आणि मग राव बदलले. विष शोधणाराच त्या पिकाचा वकील झाला, ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रोज थोडी लाखोरी इतर धान्यांबरोबर खाणारी लाखो माणसं धडधाकट आहेत. आजार होतो तो तीच जवळजवळ एकमेव अन्न झाल्यावर, सलग दोन-तीन महिने. ओडॅप तोंडावाटे दिल्यावर प्राण्यांत हुबेहूब हा आजार उभा करणं सोपं नाही. १९८६ साली पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून ओडॅपचा सहभाग दाखवला, पण वाद पुरता मिटला नाही. शिवाय हेच ओडॅप चिनी वैद्यकात रक्तस्राव थांबवायला वापरल्या जाणाऱ्या एका जिनसेंगमध्येही आहे, आणि तिथे त्याला औषध म्हणतात. लाखोरीत होमोआर्जिनीन नावाचं दुसरं अमिनो आम्ल भरपूर असतं. तेही १९६३ साली राव आणि सहकाऱ्यांनीच वेगळं केलं होतं. रक्तात ते कमी असलेल्यांमध्ये हृदयविकारानं मृत्यू जास्त दिसतात, असं २०१०च्या आसपास युरोपातल्या अभ्यासांनी दाखवलं, आणि रावांनी ते आवर्जून पुढे मांडलं. २०११ साली त्यांनी ओडॅपच्या उजळ बाजूवर चक्क लेख लिहिला.

होमोआर्जिनीनच्या बाबतीत राव थोडे वाहवत गेले असं मला वाटतं. एक द्रव्य हृदयाला चांगलं असेल म्हणून संपूर्ण डाळ निर्दोष ठरत नाही. पण दाण्याचा विचार ताटापासून तोडून करू नका, हा त्यांचा मूळ मुद्दा निर्विवाद बरोबर आहे. इथिओपियात गेंटच्या फर्नांड लँबीन यांच्या गटाला हेच दिसलं. दुष्काळात ज्या घरांत लाखोरीबरोबर पुरेसं तृणधान्य पोचलं, तिथे आजाराचा धोका कमी होता.

विदर्भात हा मुद्दा प्रयोगशाळेतून नाही, रस्त्यावरून पुढे आला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी लाखोरीवरची बंदी उठवा म्हणून वर्षानुवर्षं लढत राहिले, उपोषणाला बसले. २००८ साली महाराष्ट्रानं बंदी उठवली. पूर्व विदर्भातली पाहणी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केली, तेव्हा लाखोरी खाल्ली जात होती आणि आजार मात्र विरळ झाला होता. डाळ तीच होती. तिच्याशेजारी आता रेशनचा तांदूळ आणि इतर धान्य होतं, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे. २०१६च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनंही रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषाच्या वाणांच्या आधारे देशभरची बंदी उठवायची शिफारस केली.

या वाणांवर माझा पूर्ण भरवसा नाही. लाखोरीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या जुन्या वाणाशी संकर होतो, त्यामुळे कमी विषाचं बी काही हंगामांत बिघडू शकतं. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे झाडातलं ओडॅप जमिनीवर आणि हवामानावरही अवलंबून असतं. पाण्याचा ताण पडला की ते वाढतं, जमिनीत जस्त कमी असलं तरी वाढतं. म्हणजे ज्या वर्षी गहू जातो, धान जातं आणि लोकांना लाखोरीशिवाय गत्यंतर उरत नाही, नेमकं त्याच वर्षी दाण्यात विष जास्त. नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये आणि इतर काही ठिकाणी आता ओडॅप तयार करणारी जनुकंच शोधून बंद करता येतील का, हे पाहिलं जात आहे. त्यांना यश यावं असं मनापासून वाटतं. तोवर सुगीच्या वर्षी मोजलेल्या ओडॅपच्या आकड्यावर दुष्काळी वर्षाची हमी कुणी देऊ नये. दुष्काळ जाहीर झालेल्या प्रत्येक धानपट्ट्यात त्या वर्षीचीच लाखोरी तपासली जावी, आणि तपासणाऱ्यानं मजुरी कशात दिली जाते हेही त्याच कागदावर लिहावं.