ज्याचा त्याचा कान

(लेखमाला : सूर आणि मन, भाग ७)

स्वर कानाच्या पडद्यावरून मेंदूपर्यंत कसा पोचतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. हा रस्ता तुमचा-माझा जवळपास सारखाच असतो. तरीही एकाच घरात नाट्यगीत लागलं की एकाला भरून येतं आणि दुसरा उठून आत जातो. असं का होतं, हा आजचा विषय.

त्यासाठी ख्यालाच्या मैफलीत जाऊ या, कारण तिथले श्रोते जाणकार असूनही त्यांचं आपसात पटत नाही. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात. दोन गावांत अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण पहिल्यांची किराणा आणि दुसऱ्यांची जयपूर-अत्रौली या गायक्यांमध्ये फार मोठं.

किराण्याचा गायक विलंबित एकतालात बडा ख्याल सुरू करतो. एकेका आवर्तनाला पाऊण-एक मिनिट लागतं. तो षड्जावर थांबतो, खालच्या निषादाला हळूच स्पर्श करून परततो, पुन्हा थांबतो. गंधार यायला कितीतरी वेळ जातो. या गायकीत मुरलेला श्रोता त्या गंधारासाठी जीव गोळा करून बसलेला असतो, आणि तो लागला की त्याच्या तोंडून आपोआप ‘वाह’ निघतं. जयपूरचा गायक तोच राग घेतो, पण बंदिश लगेच मांडतो. लय त्या मानानं चढी, बहुतेकदा तीनताल. स्थायी-अंतरा भरला की आलापसुद्धा लयीचं बोट न सोडता, एकातून दुसरं वळण काढत समेकडे झेपावतो. इथल्या श्रोत्याचं लक्ष समेवर असतं. किती मात्रा उरल्या, मुखडा कुठून उचलणार, एवढ्याशा जागेतून हा बाहेर कसा पडणार! सम आली की अख्खी बैठक एकदम मान हलवते.

आता या दोघांची अदलाबदल करा. एक म्हणेल, ‘फार लांबण लावतात.’ दुसरा म्हणेल, ‘श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाहीत.’ दोघंही खरं बोलत असतात. ज्याची वाट पाहायची सवय कानाला लागली, ते समोरच्या गाण्यात वेळेवर येत नाही.

आवडीनिवडीचं मूळ मला या वाट पाहण्यातच दिसतं. लिओनार्ड मेयर या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञानं १९५६ मध्येच हे मांडलं होतं : पुढे काय येणार याचा अंदाज आपण ऐकता ऐकता बांधत असतो, तो अंदाज लांबतो, हुलकावणी देतो, पुरा होतो, आणि त्यातून भावना जागते. २०११ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल इथल्या संशोधकांना त्याला जोड देणारा पुरावा मिळाला. ज्या संगीतानं अंगावर काटा येतो ते प्रत्येकानं स्वतः निवडून आणलं होतं. ते ऐकताना डोपामिन हे द्रव्य मेंदूत स्रवत होतं. ते काटा आला त्या क्षणी स्रवलंच, पण त्याच्या थोडं आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात. वाट पाहण्याचंही सुख असतं, आणि ज्याला कशाची वाट पाहायची हेच ठाऊक नाही त्याच्या वाट्याला ते येत नाही.

हा अंदाज जन्मजात नसतो. बोलीभाषा कानावर पडून येते, तसाच तो कानावर पडून येतो. अमुक स्वर एकत्र वाजले की गोड लागतात आणि तमुक वाजले की खुपतात, हे निदान पाश्चात्त्य संगीतात निसर्गनियमासारखं मानलं जाई. बोलिव्हियाच्या अ‍ॅमेझॉन जंगलातल्या त्सिमाने लोकांना असे स्वरमेळ ऐकवले गेले. त्यांच्या संगीतात अनेकांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावण्याची पद्धत नाही. त्यांना दोन्ही प्रकार सारखेच बरे वाटले. कानाला खरखरणारा आवाज मात्र त्यांनाही आवडला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. आपल्याला ‘उपजत’ वाटणाऱ्या आवडीतही सवयीचा वाटा किती मोठा असतो, ते त्यातून कळतं.

सवय सर्वांत खोल रुजते ती साधारण बारा-तेरा ते वीस-बावीस या वयात. त्या वर्षांत ऐकलेली गाणी पुढे आयुष्यभर अधिक आठवतात आणि अधिक हलवतात. ‘आमच्या वेळची गाणी’ प्रत्येक पिढीला श्रेष्ठ वाटतात त्याचं हे एक मोठं कारण. स्वभावाचाही थोडा भाग आहे. नव्या अनुभवांची ओढ असलेली माणसं अनोळखी, गुंतागुंतीच्या संगीताकडे जास्त वळतात, पण हा संबंध फार घट्ट नाही. आणि काही थोडी माणसं अशीही असतात, की त्यांना सूर नीट ओळखता येतो, बाकी सुखंही मिळतात, पण कुठल्याच संगीतानं आनंद होत नाही. त्यांना कोणी अरसिक म्हणून हिणवू नये.

सोबतीचा परिणाम याहून मोठा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अप्रसिद्ध बँडची ४८ गाणी चौदा हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला आपल्या गटातल्या इतरांनी काय उतरवून घेतलं तेही दाखवलं. आठ गटांत लोकप्रिय ठरलेली गाणी एकसारखी निघाली नाहीत. फार चांगलं गाणं सहसा अगदी तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा शिखरावर चढलं नाही. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र काहीही घडू शकलं.

मग रुची वरून लादता येते का? आपल्याकडे हा प्रयोग देशभर झाला. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. लोकांनी अभिजात संगीत ऐकावं अशी त्यांची कळकळ होती, आणि ती खरी होती. पण चित्रपटगीतांवर बंधनं आली, निर्मात्यांशी बिनसलं आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळपास नाहीशी झाली. श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी चित्रपटगीतं ऐकवणारी आकाशवाणीचीच विविध भारती आली.

याच काळात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न. गीतं गदिमांची, चाली सुधीर फडक्यांच्या. दोघंही चित्रपटसृष्टीत नाव कमावलेले. ज्यांना रागाचं नाव सांगता आलं नसतं, त्यांच्या ओठी भूप आणि यमन कल्याण बसले. कथा ओळखीची, शब्द सोपे, आणि पुढच्या गीताची आठवडाभर वाट पाहायची सोय. केसकरांना जे हवं होतं त्यातलं बरंच काही इथे घडलं, कारण इथे कुणाची आवड काढून घेतली नव्हती. जी होती तिलाच धरून कानाला पुढे नेलं होतं.

घरातल्या मुलांचं रॅप तुम्हाला कर्कश वाटत असेल, तर हे करून पाहा. त्यांच्या आवडीचं एकच गाणं घ्या, चार-पाच दिवस रोज त्यांच्या शेजारी बसून ऐका, आणि पुढचं यमक कुठल्या ठोक्यावर पडेल याचा अंदाज बांधा. मुलांनी ख्यालाच्या बाबतीत हेच करावं. बोटांवर मात्रा मोजाव्यात आणि सम कधी येते ते पाहावं. आवडेलच अशी हमी नाही, पण समोरचा कशाची वाट पाहत बसला आहे, ते तरी कळेल.

पुढच्या आठवड्यात : आवडतं गाणं पुन्हा पुन्हा ऐकल्यावर नकोसं का होतं?