सशाचे चिरकारी पचनविकार

पाळीव सशाच्या पचन तंत्रात वारंवार उद्‌भवणाऱ्या अथवा दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या बिघाडांना ही संज्ञा लावतात. भूक मंदावणे, लेंड्या लहान व कमी होणे, पोट फुगणे, मऊ मल शेपटीखाली चिकटून राहणे आणि अधूनमधून अतिसार होणे ही त्यांची मुख्य लक्षणे होत. हे विकार सौम्य भासले, तरी त्यांचे पर्यवसान आतड्यांची हालचाल जवळजवळ थांबण्यात होऊ शकते व वेळीच उपचार न झाल्यास ससा थोड्याच दिवसांत दगावतो.

शारीर व क्रियाविज्ञान : पाळीव सशाचे सर्व वाण यूरोपीय रानसशापासून (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) उत्पन्न झाले आहेत. आयबेरियन द्वीपकल्पात भरड गवतावर गुजराण करणाऱ्या या प्राण्याची पचनयंत्रणा निकस पण तंतुमय आहार सतत मिळत राहील, अशा रीतीने घडली आहे. त्याचे सर्व २८ दात आयुष्यभर वाढत राहतात व गवत चावण्यानेच त्यांची झीज होते. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू अतिशय बळकट असल्याने सशाला ओकारी होत नाही. त्यामुळे गिळलेला पदार्थ पुढेच सरकावा लागतो. जठर सहसा रिकामे नसते.

लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरील उंडुक हे पचन तंत्राचे सर्वांत मोठे इंद्रिय असून त्याची धारणाक्षमता जठराच्या सु. दहापट असते. मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या भागात अन्नकणांची विभागणी होते. लांब, न पचणारे तंतू पुढे जाऊन कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात, तर बारीक कण व द्रव उलट दिशेने उंडुकात परततात. तेथे सूक्ष्मजंतूंमुळे त्यांचे किण्वन होऊन मेदाम्ले, प्रथिने आणि ब व के जीवनसत्त्वे तयार होतात. उंडुकातील या द्रव्याच्या मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या बनतात व ससा त्या थेट गुदद्वारापासून खातो. फ्रेंच पशुवैद्य मोरो यांनी १८८२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. ही क्रिया विकृती नसून पोषणाचा आवश्यक भाग आहे. न पचणाऱ्या तंतूंचे पोषणमूल्य नगण्य असले, तरी आतड्यांना चालना तेच देतात. ते कमी पडल्यास सर्व यंत्रणा मंदावते.

कारणे : आहारदोष हे सर्वांत मोठे कारण होय. पाव, बिस्किटे, पोळी, धान्य, फळे व दाणेदार खाद्य यांचा अतिरेक झाल्यास तंतूंचे प्रमाण घटते आणि उंडुकातील सूक्ष्मजंतूंचा समतोल ढळतो. गाजर हे सशाचे मुख्य अन्न असल्याची समजूत चुकीची आहे. त्यात शर्करा बरीच असल्याने ते अल्प प्रमाणातच द्यावे.

दुसरे महत्त्वाचे कारण दातांचे. दाढा वेड्यावाकड्या वाढून त्यांची टोके जिभेला वा गालाला टोचू लागली की, ससा प्रथम गवत सोडतो व मऊ पदार्थ निवडून खातो. त्यामुळे झीज आणखी कमी होते व रोगाचे चक्र सुरू होते. यांशिवाय मूत्रमार्गातील खडे, सांधेदुखी, पाण्याची कमतरता, उष्मा, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव व भीती हीही कारणे आहेत. कुत्र्यामांजरांचा उपद्रव, प्रवास किंवा जोडीदाराचा मृत्यू यांमुळेही आतड्यांची गती घटते. पिलांमध्ये आयमेरिया वंशातील परजीवींमुळे होणारा रक्तातिसार (कॉक्सिडिया रोग) विशेष आढळतो. काही ठिपकेदार वाणांत ठिपक्यांचे जनुक मातापिता दोघांकडून आल्यास मोठ्या आतड्याचा जन्मजात दोष संभवतो. अशा सशांच्या लेंड्या मोठ्या व बेढब असतात आणि त्यांना आजन्म काळजीची गरज असते.

जठरात सापडणारा केसांचा गोळा हे रोगाचे मूळ कारण असल्याचे पूर्वी मानीत. अंग चाटताना केस गिळले जाणे मात्र स्वाभाविक असून आतड्यांची गती मंदावल्याने व द्रव शोषला गेल्याने ते गोळा होऊन राहतात, असे आता बहुतेक प्रसंगी मानले जाते.

लक्षणे व निदान : ससा हा भक्ष्य प्राणी असल्याने वेदना लपवितो. कोपऱ्यात अंग आखडून बसणे, दात करकर वाजविणे, आवडते अन्न नाकारणे व लेंड्या केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या दिसणे ही आरंभीची चिन्हे होत. सु. १२ तास अन्न न घेतल्यास किंवा लेंड्या न पडल्यास ती तातडीची अवस्था समजावी. कारण उपासमारीत शरीरातील मेद यकृतात साचून ते निकामी होण्याचा धोका असतो व लठ्ठ सशात तो अधिक असतो. शरीराचे तापमान सामान्यतः ३८·५° ते ४०° से. असते; ते ३८° से. खाली जाणे गंभीर लक्षण आहे.

खऱ्या अतिसारात कोरड्या लेंड्या पूर्णपणे थांबतात. याउलट कोरड्या लेंड्या चालू असून मऊ लेंड्या शेपटीखाली माखत असल्यास, तो अतिसार नसून ससा त्या खात नाही असे समजावे. अतिपोषण, लठ्ठपणा, पाठीचे दुखणे वा दंतरोग यांचा अशा वेळी शोध घेतात. माखलेल्या जागी माश्यांनी अंडी घातल्यास अळ्या पडून प्राण संकटात येतो. निदानासाठी दातांची तपासणी, पोट चाचपणे, विष्ठेची परीक्षा व क्ष-किरण चित्रण करतात. अकस्मात पोट फुगून ससा निपचित पडल्यास आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते; अशा वेळी रक्तातील ग्लुकोज बहुधा फार वाढलेले आढळते.

उपचार : द्रवपुरवठा, ऊब, वेदनाशमन व साहाय्यित आहार हे उपचाराचे चार आधार आहेत. मेलॉक्सिकॅम किंवा ब्युप्रेनॉर्फीन ही वेदनाशामके पशुवैद्य देतात. अडथळा नसल्याची खात्री झाल्यावर तंतुमय खाद्याची पातळ पेज पिचकारीने थोडी थोडी पाजतात व आवश्यक तर आतड्यांना चालना देणारी औषधे देतात. अडथळा असताना बळेच भरविणे घातक ठरते. दाढांची टोके भुलीखाली घासून काढतात. ओकारी होत नसल्याने शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवण्याची गरज नसते.

पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, लिंकोमायसीन व क्लिंडामायसीन ही प्रतिजैविके सशाला तोंडाने कधीही देऊ नयेत. त्यांच्यामुळे उंडुकातील उपकारक सूक्ष्मजंतू मरून क्लॉस्ट्रिडियम वंशातील जंतू माजतात व त्यांच्या विषाने मृत्यू ओढवतो. माणसांची औषधे घरच्या घरी देण्याचा प्रघात म्हणूनच घातक आहे.

आहार व निगा : चिरकारी विकारात खरा उपचार आहाराचाच. प्रौढ सशाच्या आहाराचा सु. ८० टक्क्यांहून अधिक भाग वाळलेल्या वा ताज्या गवताचा असावा व ते अहोरात्र उपलब्ध असावे. हरळी व इतर चारा-गवते त्यासाठी योग्य होत. लसूणघासात प्रथिने व कॅल्शियम अधिक असल्याने तो वाढत्या पिलांना मुख्यत्वे उपयुक्त असून प्रौढांना नित्य देऊ नये. कोथिंबीर, मुळ्याचा पाला यांसारखा पाला रोज थोडा द्यावा. दाणेदार खाद्य दर किग्रॅ. वजनास दिवसाला सु. २५ ग्रॅ.पेक्षा अधिक नसावे. धान्य व गोड पदार्थ पूर्ण वर्ज्य करावेत. कोणताही आहारबदल दोन ते तीन आठवड्यांत क्रमाक्रमाने करावा. नवा पाला एका वेळी एकच देऊन लेंड्यांवर त्याचा परिणाम पाहावा.

पाण्याची दैनंदिन गरज दर किग्रॅ. वजनास ५० ते १५० मिलि. असते, उघड्या भांड्यातून ससा अधिक पाणी पितो. ३०° से. वरील तापमानात तो अन्न कमी खातो. म्हणून उन्हाळ्यात सावली व वारा असलेल्या जागी त्याला ठेवावे. रोज काही तास मोकळे हिंडू द्यावे. आठवड्याला वजन करून नोंद ठेवावी व लेंड्यांचा आकार, संख्या व कोरडेपणा रोज पाहावा. लेंड्यांतील बदल बहुधा इतर लक्षणांपूर्वी दिसतो व तोच पशुवैद्याकडे जाण्याचा योग्य क्षण असतो. जन्मजात दोष वा जुनाट दंतरोग असलेला ससा पूर्ण बरा होत नाही; परंतु आहारशिस्त, नियमित दंततपासणी व वेदनानियंत्रण यांच्या साहाय्याने त्याला अनेक वर्षे सुसह्य जीवन लाभू शकते.