तिसरे आठ तास



कामगार चळवळीने जगभर एक साधे गणित मांडले. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास माणसाच्या स्वतःच्या मालकीचे. पहिल्या आठ तासांसाठी संप झाले, कायदे झाले. झोपेची सोय ज्याने त्याने आपापली पाहिली. पण तिसऱ्या आठ तासांत माणसाने, विशेषतः सतरा-अठरा वर्षांच्या पोराने, जावे कोठे? हा प्रश्न आम्ही संघटनावाल्यांनीही फारसा विचारला नाही.

पत्र्याच्या एका खोलीत सहा-सात माणसे असली, की पोरगा संध्याकाळी बाहेर पडतोच. तो पानाच्या टपरीवर दिसला, की आपण म्हणतो, वाया गेला. तसे पाहिले तर तो उजेड होता तिथे गेला, एवढेच. दुसरीकडे उजेडच नव्हता.

ज्यांनी हा प्रश्न विचारला ते नारायण मल्हार जोशी. १९११ साली झालेल्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. म्हणजे तोवर तो त्याहूनही मोठा होता! त्याच वर्षी जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, मोफत वाचनालये, चाळीचाळींतून फिरणारी ग्रंथालये, व्यायामशाळा, मुलांचे क्लब अशी तिची कामे होती. पुढे १९१९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले, १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत होते. क्रम ध्यानात घ्या. आधी वाचनालय, मग युनियन.

दुसरे उदाहरण नागपाड्याचे. दाट वस्ती, नाना जातिधर्मांची गरीब माणसे. तिथे १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभे केले. वस्तीच्या मधोमध एक घर, त्यात कोणीही यावे. नागपाड्याची पोरे बास्केटबॉल खेळू लागली आणि या मोहल्ल्यातूनच अब्बास मुंतसीर भारतीय संघाचे कर्णधार झाले. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. याच घरात १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था सुरू झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, आणि १९८६ मध्ये तिचे ग्रामीण केंद्र आपल्या तुळजापुरात आले. नागपाड्याच्या त्या घराची एक शाखा अशी आपल्या दारापर्यंत पोहोचली आहे.

आता असे घर चालते कसे? माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे वाचन हमालांच्या युनियनच्या खोलीत, शिळ्या वर्तमानपत्रांवर झाले. म्हणून अनुभवाचेच सांगतो. एका वस्तीत आम्ही काही मंडळींनी युवक केंद्र काढले. फीत कापली, कॅरमबोर्ड आणला, भिंतीवर थोरांच्या तसबिरी लावल्या. वर्षाच्या आत तिथे सिमेंटची पोती पडली. कारण काय? किल्ली एका पुढाऱ्याच्या घरी होती आणि पुढारी गावी नसत. पोरे दोनदा कुलूप पाहून परत गेली. तिसऱ्यांदा आलीच नाहीत. त्या पुढाऱ्याला किल्ली देणाऱ्यांत मीही होतो.

त्यातून तीन गोष्टी शिकलो. किल्ली वस्तीतल्याच दोघा-तिघांकडे असावी, आणि त्यांत एक मुलगी असावी. नाहीतर खोली पोरांचीच होते आणि पोरी उंबऱ्याबाहेर राहतात. दुसरे, वेळ कामाकडे पाहून ठरवावी. दुकानात राबणारा मुलगा आठला सुटतो. सहाला बंद होणारे वाचनालय त्याच्या काय कामाचे? ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, तेव्हा बुडालेला अभ्यास भरून काढायची सोय तिथे हवी. तिसरे, रोज ठरल्या वेळी येऊन बसणारे एक जाणते माणूस हवे. उपदेश करणारे नको. अर्ज भरून देणारे, गणित अडले तर सांगणारे, ऐकून घेणारे हवे. इमारतीला देणगी मिळते. या माणसाच्या पगाराला मिळत नाही, आणि तिथेच बहुतेक केंद्रे बुडतात.

आपण म्हणाल, मुंबईचे मुंबईत ठीक, इथे काय? तर ऐका. नारायणरावांचे एक तरुण सहकारी, त्यांचे चिटणीस म्हणून काम केलेले व्यंकटेश खेडगीकर, १९२९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. निजामी राज्यात तेव्हा सभेलाही परवाना लागे. त्या आडगावच्या शाळेत पोरांबरोबर त्यांनी वर्षे घालवली. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि १९३८ पासूनचा हैदराबाद मुक्तीचा लढा त्यांनी चालवला. युनियनच्या कचेरीतला माणूस खेड्यातल्या पोरांपाशी आला, त्याचे हे फळ.

आज या सभेत शिक्षक आहेत, व्यापारी आहेत, पेन्शनर आहेत. देणगी मागायला मी उभा नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या एका खोलीचे कुलूप वेळेवर उघडायला कोण येईल, एवढेच विचारतो. सभा संपल्यावर मी दाराशी थांबतो.