कुत्र्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया व पुढील शुश्रूषा

राखणीचें कुत्रें हा शेतावरील मुका गडीच होय. अलीकडे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा थोराड जातींचीं पिलें खेड्यांतही पाळण्याची चाल पडली आहे. त्यांपैकीं कांहींत पांच-सहा महिन्यांच्या सुमारास एक दोष दिसूं लागतो. पिलूं सशाप्रमाणें मागचे दोन्ही पाय एकदम उचलून धांवतें, उठतांना कष्टी होतें, पायरी टाळतें. मांडीच्या हाडाचें गोल डोकें कमरेच्या हाडाच्या खोबणींत घट्ट बसावयाचें, तें सैल राहून खोबणीची कड झिजवितें. दोष आनुवंशिक खरा. पण भरमसाट खाऊं घालून पिलूं झपाट्यानें वाढविल्यास तो बळावतो. पौष्टिक म्हणून वर कॅल्शियमची पूड चारणें तर अशा जातींस अपायकारकच.

यावरील शस्त्रक्रिया मुख्यतः दोन. एकींत कमरेचें हाड दोन-तीन ठिकाणीं कापून खोबण डोक्यावर झुकवितात व धातूच्या पट्टीनें पक्की करितात. ही बहुधा पांच ते दहा महिन्यांच्या वयांत, सांधा झिजण्यापूर्वींच साधते. दुसरींत मांडीच्या हाडाचें डोकेंच काढून टाकतात. त्या जागीं तंतूंचा खोटा सांधा बनतो. कृत्रिम सांधाही बसवितां येतो, परंतु तो खर्च सामान्य कास्तकारास झेपणारा नाहीं.

या दोहोंनंतरची शुश्रूषा मात्र परस्परविरुद्ध आहे, आणि घोटाळा होतो तो येथेंच. हाड कापून जुळविलें असेल तर सहा ते आठ आठवडे सक्त विश्रांति हवी. डोकें काढलें असेल तर थोड्याच दिवसांत हळूहळू चालविलें पाहिजे, नाहींतर सांधा आंखडतो व मांडी वाळते. शेजाऱ्याच्या कुत्र्यास जें मानवलें तें आपल्यास घातक ठरूं शकतें. म्हणून घरीं नेण्यापूर्वींच शस्त्रक्रियेचें नांव व चालविण्याचा क्रम डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे.

विश्रांति म्हणजे खुंट्यास बांधणें नव्हे. वाटेनें दुसरें कुत्रें गेलें कीं तें हिसके देतें व स्क्रू ढिले होतात. लहानशा कोंडींत ठेवावें, फरशीवर गोणपाट अंथरावें, आणि विधीस नेतांना गळ्यांत पट्टा व पोटाखालून पंचा घालून मागचा भार उचलून धरावा. टांके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, जखम चाटूं देऊं नये. खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यांत लागते. दुखणें ओसरतें, पिलूं उड्या मारूं पाहतें, आणि घरच्या मुलांस त्याची दया येते. हाड मात्र अजून कच्चेंच असतें. क्ष-किरणांच्या चित्रांत तें सांधलेलें दिसल्याखेरीज मोकळें सोडूं नये.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊं नयेत. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनीं कुत्र्याच्या जठरांत व्रण पडतात, मूत्रपिंडें बिघडतात. (गिधाडांच्या संहारामुळें २००६ सालीं जनावरांसाठींच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तें हेंच.) बैठ्या काळांत आहार बेतानें द्यावा, वाढलेलें वजन त्याच खुब्यावर पडतें. आणि कुत्रें कितीही देखणें असो, त्याची वीण घेऊं नये. शस्त्रक्रियेनें त्याचा सांधा सुधारतो, बीज नव्हे.